सिस्टरांच्या बाकावर बसायला माणसं हवीत

सप्रेम नमस्कार.

परळमधल्या आमच्या चाळीत, मंडळाच्या खोलीत, एक लाकडी बाक आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता सिस्टर त्यावर येऊन बसायच्या. त्यांचं नाव इथे देत नाही, तशी त्यांची सक्त ताकीद आहे. आणि तसंही सगळी चाळ त्यांना सिस्टरच म्हणते. सावंतवाडीकडच्या एका खेड्यातून त्या अठराव्या वर्षी नर्सिंगच्या ट्रेनिंगला मुंबईत आल्या. महापालिकेच्या रुग्णालयात 37 वर्षं ड्युटी केली, परिसेविका म्हणून निवृत्त झाल्या आणि पुढच्याच महिन्यात हा बाक मांडला. त्याला आता 12 वर्षं झाली. लॉकडाऊनमध्ये खोलीला कुलूप होतं, तेव्हा हेच काम त्यांनी फोनवर केलं.

आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. जिना उतरणं बंद झालंय. फोनवर त्या अजून असतात, पण पेशंटबरोबर रुग्णालयात जाणं त्यांना जमणार नाही. म्हणून हे आवाहन.

बाकावर नेमकं काय चालतं, ते सांगायला हवं. आमच्या आजूबाजूला केईएम आहे, वाडिया आहे आणि 1941 पासून टाटा रुग्णालय आहे. जळगाव, सोलापूर, सिंधुदुर्ग, शिवाय उत्तर प्रदेश, बिहार, सगळीकडून माणसं येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर ताडपत्री. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्ट, केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं एकत्र कोंबलेलं. सिस्टर आधी ती पिशवी बाकावर रिकामी करायच्या. कागद तारखेप्रमाणे लावायचे, डिस्चार्ज कार्ड सगळ्यात वर, ॲलर्जी असेल तर पहिल्या पानावर लाल पेनाने. मग नातेवाइकाकडून तीन प्रश्न पाठ करून घ्यायच्या: पुढे काय करायचं, कधी यायचं, आणि काय झालं तर लगेच यायचं. डॉक्टरांसमोर माणूस गप्प होतो. हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ओपीडीतून बाहेर पडायचं नाही, हा त्यांचा नियम.

गेल्या पावसाळ्यात मागच्या गल्लीतले एक आजोबा पक्षाघातानंतर घरी आले. सुनेने आमच्याकडून एअर बेड नेला आणि निश्चिंत झाली. सिस्टर तेव्हा जेमतेम चालत होत्या, तरी गेल्या. आजोबांना कुशीवर वळवलं, टाचेवरच्या लाल डागावर अंगठा दाबला आणि उचलला. डाग क्षणभर पांढरा व्हायला हवा होता, तो लालच राहिला. “बेडसोरची सुरुवात आहे. गादी काम करत नाही गं, हात करतात.” त्याच दिवशी भिंतीवर कागद चिकटवला: दर दोन तासांनी डावी कूस, पाठ, उजवी कूस. पोटऱ्यांखाली उशी अशी की टाच अधांतरी राहील. जखम झाली नाही. सून आता बाकावर येऊन इतरांना हेच शिकवते.

सिस्टरांच्या पिढीला हे कुठून आलं, ते परळकरांना माहीत आहे. 1973 च्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी परिचारिका अरुणा शानबाग यांची सेवा केईएमच्या परिचारिकांनी 2015 पर्यंत, म्हणजे जवळजवळ 42 वर्षं केली. 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही त्या सेवेचं मनापासून कौतुक केलं. आम्ही ज्याला ‘नुसती कूस बदलणं’ म्हणत होतो, त्याची किंमत आम्हाला उशिरा कळली.

दुसरं काम भांडणाचं, पण सिस्टर आवाज चढवत नसत. धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये घालून दिली. महाराष्ट्राच्या 2021 च्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं नर्सिंग होमना बंधनकारक केलं. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. एका खासगी रुग्णालयात रात्री साडेअकराला हेच घडत होतं. सिस्टरांनी त्या नियमांची प्रत काउंटरवर ठेवली आणि समोरच्या खुर्चीत बसून राहिल्या. पहाटे मृतदेह घरच्यांच्या ताब्यात मिळाला. हे सगळं कागदावर असतंच. पण रडणाऱ्या माणसाच्या वतीने तो कागद कुणीतरी न्यावा लागतो.

म्हणून पहिली मागणी पैशाची नाही. आठवड्यातून तीन तास देणारी माणसं हवीत. निवृत्त परिचारिका, फार्मासिस्ट, बँकेतून निवृत्त झालेले, फॉर्म नीट भरता येणारे कॉलेजचे विद्यार्थी, सगळे चालतील. हिंदी, भोजपुरी किंवा बंगाली बोलणारं कुणी आलं तर फार बरं होईल. सिस्टर स्वतः चार रविवार आपल्या घरी शिकवणार आहेत. एक अट आधीच सांगतो: औषध सुचवायचं नाही आणि पेशंटची गोष्ट खोलीबाहेर न्यायची नाही. हे ज्याला जमणार नाही, त्याने कृपया येऊ नये.

वस्तूंमध्ये एअर बेड, वॉकर, कमोड खुर्ची आणि चालू स्थितीतला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. घरचं माणूस गेल्यावर या वस्तू माळ्यावर पडून राहतात, त्यांना हात लावणंही जड जातं. आम्ही येऊन घेऊन जाऊ, स्वच्छ करू. उरलेली औषधं मात्र आणू नका.

पैसे लागतात ते दुरुस्तीसाठी, टॅक्सीभाड्यासाठी आणि झेरॉक्ससाठी. शंभर रुपयेही चालतील. पावती हातोहात मिळेल, आणि दर महिन्याचा हिशोब खोलीबाहेरच्या फळ्यावर लावलेला असतो.

खोली मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी 6 ते 9 उघडी असते. पहिला वर्ग येत्या रविवारी सकाळी 10 वाजता, सिस्टरांच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर. वही आणि लाल पेन आणा.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, परळ