मित्रास पत्र : भाड्याच्या गाडीतून पाहिलेला आपलाच जिल्हा

सोलापूर,
२४ जानेवारी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तू आला होतास तेव्हा जेवताना सहज म्हणालास, की सोलापुरात माणसाने दोन दिवस राहून करायचे तरी काय. सिद्धेश्वराचे तळे आणि भुईकोट किल्ला पाहून, दोन चादरी आणि किलोभर शेंगाची चटणी घेतली की संध्याकाळच्या गाडीने परत जायला माणूस मोकळा. मी तेव्हा हसलो खरा, पण ते बोलणे मनात राहून गेले, कारण त्यावर द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. सूतगिरणीच्या कचेरीत बत्तीस वर्षे हिशेब लिहिले, आणि या जिल्ह्यातले रस्ते पाहिले ते पुण्याला किंवा हैदराबादला जाताना एस.टी.च्या खिडकीतून दिसले तेवढेच. म्हणून यंदा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतले संक्रांतीचे सोहळे आटोपले, आणि मी सौ.ला म्हटले की आपण दोन दिवस गाडी करू आणि आपलाच मुलूख एखाद्या परक्यासारखा पाहू.

पहिला अनुभव वाईट आला, तो आधी सांगून टाकतो. शहरातल्या एका प्रवासी कचेरीत दोन हजार आगाऊ भरले, आणि निघायच्या आदल्या रात्री नऊ वाजता फोन आला की गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला गेली आहे, हवे तर तुळजापूर-अक्कलकोटच्या गाडीत दोन जागा देतो. पैसे परत मिळायला तीन चकरा लागल्या. शेवटी शेजाऱ्यांनी एका तरुणाचे नाव सुचवले. स्वतःची गाडी, स्वतःच चालवणारा, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या धनगराच्या घरचा, मराठी आणि कन्नड दोन्ही घरच्यासारखी बोलणारा. फोनवर त्याने विचारलेला पहिलाच प्रश्न मला आवडला. तो म्हणाला, "काका, तुम्हाला देव करायचेत का बघायचंय?" बघायचंय, असे मी सांगितले. "मग पाच वाजता तयार रहा," एवढे बोलून त्याने फोन ठेवला.

अंधारातच आम्ही बार्शी रस्त्याने नान्नजकडे निघालो. शहरापासून जेमतेम वीस किलोमीटरवरचे हे गाव माळढोकाच्या अभयारण्यामुळे ओळखले जाते, हे तुला ठाऊक असेल. १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. कागदावर इतके मोठे, की गावेच्या गावे आणि पिकाखालच्या जमिनी त्यात आल्या, साध्या जमिनीच्या व्यवहारालाही अडचण होऊ लागली, आणि बिचाऱ्या पक्ष्यावर लोकांचा राग जमा झाला. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. आमच्या सारथ्याने गाडीतच बजावून सांगितले की माळढोक दिसेल या आशेने येत असाल तर गाडी इथूनच वळवतो. सगळ्या देशात हे पक्षी दीडशेहूनही कमी उरले आहेत, आणि या माळावर तर एखादी मादी दिसली तरी वर्तमानपत्रात बातमी येते. वर्षाला बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालणारा, जड अंगाचा हा पक्षी समोरून येणारी विजेची तार वेळेत पाहू शकत नाही आणि तिच्यावर आदळून मरतो, हेही त्याने सांगितले.

माळढोक आम्हाला दिसला नाही. दिसले ते गवत. तू म्हणशील, गवतात पाहायचे काय? मीही आजवर त्या सगळ्याला 'पडीक' म्हणत आलो. त्याने गाडी बंद केली, काच खाली घ्यायला लावली आणि पंधरा मिनिटे कोणी काही बोलायचे नाही असे ठरवून दिले. उजाडू लागले तसा माळ राखाडीचा तांबूस झाला, आणि जे मला दुरून झुडूप वाटत होते ते हलले. काळविटांचा कळप होता, तीसेक माद्या आणि मागे एकटा उभा, काळ्या पाठीचा नर. मग त्याने खाली उतरून तीन गवते उपटून सौ.च्या हातात दिली. पायजम्याला अडकते ती कुसळी, जनावरे आवडीने खातात ती पवन्या, आणि तिसरे मारवेल. ही गवते राहिली तर काळवीट राहते, काळवीट राहिले तर लांडगा राहतो. आणि कोणी पुण्यकर्म म्हणून इथे झाडे लावली तर यातले काहीच राहत नाही, कारण माळाला झाड नको असते. "झाडं लावा म्हणून शाळेत शिकवतेत, पण माळाला कुणी इचारत न्हाय," असे तो म्हणाला. त्याच्या आजोबांच्या मेंढरांतून लांडगा दरवर्षी एक-दोन नेत असे. आजोबा शिव्या घालत, पण लांडग्याच्या पिल्लांना हात लावू देत नसत, असेही त्याने सांगितले. लांडगा मात्र आम्हाला दिसला नाही. ओल्या मातीत उमटलेला त्याचा पाय तेवढा पाहिला.

नान्नजहून माघारी शहर ओलांडून विजापूर रस्त्याने दक्षिणेला लागलो. उसाचा हंगाम असल्याने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पुढे कर्कश गाणी लावून चालले होते, आणि त्यांच्या मागून सरकण्यात अर्धा तास गेला. तेरामैलानंतर आत वळलो आणि हत्तरसंग कुडलला पोहोचलो. हे कुडल म्हणजे बसवेश्वरांचे कूडलसंगम नव्हे. ते कर्नाटकात कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर आहे. आपले कुडल भीमा आणि सीना यांच्या संगमावर आहे, आणि भीमेपलीकडे कर्नाटक सुरू होते. त्या दिवशी देवळाच्या आवारात आम्ही तिघे आणि पायरीवर ऊन खात बसलेल्या दोन म्हाताऱ्या, एवढीच माणसे होती. सौ. अक्कलकोटकडची असल्याने तिने कन्नडमध्ये विचारपूस सुरू केली, आणि पाच मिनिटांत त्यांच्यातल्या एकीची सून कोणत्या गावची, इथवर गोष्ट गेली.

आता जे सांगतो आहे त्यासाठीच हे पत्र लिहायला घेतले आहे. संगमेश्वराच्या देवळात मंडपातली एक तुळई आहे. मी ती पाहिली असती तर दगडाची तुळई म्हणून पुढे गेलो असतो. वर पाहूनही मला काही दिसत नव्हते. त्या तरुणाने खिशातून बॅटरी काढली आणि प्रकाश सरळ न टाकता दगडाला जवळजवळ चिकटवून आडवा धरला. त्याबरोबर खाचांमध्ये सावली भरली आणि अक्षरे वर आली. पुसट, वेडीवाकडी, पण अक्षरेच! शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. शेवटच्या ओळीवर बोट न लावता त्याने बॅटरी हळूहळू सरकवली आणि वाचून दाखवले: 'वाछि तो विजेया होइवा'. जो वाचील तो विजयी होईल. मित्रा, हजार वर्षांपूर्वीचे वाक्य मला कोशाशिवाय समजले, आणि मी एरवी अशा प्रसंगी हळवा होणारा माणूस नसूनही मला चष्मा पुसावा लागला. सर्वांत जुना मराठी लेख कोणता, श्रवणबेळगोळचा, अक्षीचा की हा, यावर विद्वानांचा वाद आहे, त्यात मी पडत नाही. मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. हा लेख अभ्यासकांच्या नजरेस आणून देणारे आनंद कुंभार आपल्याच सोलापूरचे, नोकरी सांभाळून गावोगावचे शिलालेख वाचत हिंडलेले संशोधक. आणि त्याच शहरात, त्याच काळात मी रविवारी दुपारी झोपा काढत होतो.

शेजारच्या हरिहरेश्वर मंदिराची कथा आणखी निराळी आहे. हे देऊळ मातीखाली गाडले गेले होते; १९९० च्या दशकात उत्खनन झाले तेव्हा ते वर आले, आणि त्यासोबत एक बहुमुखी शिवलिंगही मिळाले. त्यावर ओळींनी कोरलेली ३५९ मुखे आहेत, आणि लिंग स्वतः धरून ३६० होतात असे मानतात. मी एक ओळ मोजायला घेतली आणि मागच्या बाजूला जाईपर्यंत कुठून सुरुवात केली तेच विसरलो. सारथी हसला, म्हणाला, येणारा प्रत्येक जण मोजायला लागतो आणि आजवर कोणाचाही आकडा जुळलेला त्याने पाहिलेला नाही. जवळून पाहिल्यावर मला जाणवले ते असे, की सगळी मुखे एकसारखी नाहीत. काही नाके झिजून सपाट झाली आहेत, एका मुखाचे ओठ किंचित उघडे राहिले आहेत, आणि एकाच्या कपाळावर कोणीतरी त्याच सकाळी कुंकू लावून गेले होते. ते एकच मुख का निवडले, हे विचारायला तिथे कोणी नव्हते.

दुपारी मंद्रूप-कामतीच्या आडवाटेने माचणूरकडे जाताना त्याने न सांगताच एका शेताच्या बांधाशी गाडी थांबवली. ओळखीचे घर होते, हुरड्याची आगटी पेटलेली होती. मंगळवेढ्याकडची ती काळी जमीन तू लहानपणी पाहिली असशील, पण तिच्यात हात घालून पाहिला नसशील. वर हातभर खोल भेगा पडलेल्या, आणि त्या भेगेत बोटे घातली तर आत गारवा. परतीचा पाऊस जमिनीने पोटात धरून ठेवायचा आणि त्याच ओलीवर ज्वारीने थंडी काढायची, असा हा सगळा हिशेब आहे. "हितं पाऊस वरनं न्हाय, खालनं येतो," असे शेतकरीबुवांनी सांगितले, आणि हिशेबनीस असूनही मला यापेक्षा नेमके मांडता आले नसते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या मालदांडीची भाकरी आपण जन्मभर खाल्ली तिचे प्रसिद्ध ३५-१ हे वाणही आपल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रातले आहे. गूळभेंडी या हुरड्याच्या ज्वारीची कणसे गोवऱ्यांच्या आरात भाजून, गरम असतानाच दोन तळव्यांत चोळून, कूस फुंकून ते हिरवे दाणे बाईंनी माझ्या ओंजळीत टाकले, वर शेंगाची चटणी. तळवे भाजले तरी ओंजळ सोडवत नव्हती. डॉक्टरांना यातले काही सांगू नकोस.

माचणूरला पोहोचेतो दिवस कलला होता. भीमेच्या काठी सिद्धेश्वराचे देऊळ, नदीत उतरणाऱ्या पायऱ्या, आणि बाजूला औरंगजेबाच्या किल्ल्याचे बुरूज. ब्रह्मपुरीच्या या परिसरात तो १६९५ पासून १६९९ पर्यंत तळ ठोकून होता. ज्या बादशहाच्या नावाने दिल्ली चळचळा कापत होती त्याची चार वर्षे आपल्या भीमेकाठी, दख्खन आज पडेल उद्या पडेल म्हणत गेली, हे शाळेत वाचले होते. पण त्या बुरुजावर बसून खाली नदीत म्हशी डुंबताना पाहिल्या तेव्हा ती चार वर्षे किती लांब असतील याचा थोडा अंदाज आला. त्या दिवशी मीटरवर १८४ किलोमीटर झाले.

दुसऱ्या दिवशी नळदुर्ग केले. हा किल्ला धाराशिव जिल्ह्यात असला तरी हैदराबाद रस्त्याने आपल्याला तासाभरावर आहे. त्याविषयी थोडक्यातच लिहितो, कारण आम्ही चुकीच्या ऋतूत गेलो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी या दोन धारांनी पाणी भिंतीवरून कोसळते आणि आतल्या सज्जात बसलेला माणूस कोरडा राहतो. आम्हाला त्या जागी दगडावरचे शेवाळाचे वाळलेले पट्टे दिसले. शिवाय तिथे बऱ्यापैकी गर्दी होती, आणि कुडलनंतर मला गर्दी सोसेनाशी झाली होती, हेही कबूल करतो.

खर्चाचे तू विचारशीलच. डिझेल, टोल आणि त्याची मजुरी धरून दोन दिवसांचे साडेनऊ हजार झाले. बसने निम्म्यात झाले असते, असे मुलगा म्हणाला. पण बस शेताच्या बांधाशी थांबली नसती आणि बसच्या माणसाने बॅटरी आडवी धरली नसती. एक दोषही सांगतो: हा तरुण मोबाइलवर फार बोलतो, आणि एका हाताने गाडी चालवतो. सौ.ने त्याला दोनदा आईच्या सुरात दटावले, तेव्हा कुठे ते थांबले.

हुरडा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच मिळेल, नंतर दाणा निबर होतो. मी त्याला पहिला शनिवार-रविवार राखून ठेवायला सांगितले आहे, नळदुर्ग वगळून. तू शुक्रवारी हुतात्मा एक्स्प्रेसने आलास तर रात्री दहाच्या सुमारास उतरशील आणि झोप कमी मिळेल, कारण पाच वाजता गाडी दारात असते. जमले तर गुरुवारीच ये. माळावर पहाटे वारा बोचतो, तेव्हा मफलर आण. वहिनींना आमचा नमस्कार सांग, आणि त्याही येणार असतील तर तसे कळव, म्हणजे मागची जागा त्यांच्यासाठी आणि सौ.साठी ठेवून मी पुढे बसेन.

तुझाच,
सोलापूरकर