पैसे भरले, तरी थकबाकी कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालमत्ता कर असो की पाणीपट्टी, सवलतीची मुदत संपत आली की एक तक्रार ऐकू येते. ऑनलाइन पैसे भरले, बँकेचा एसएमएस आला, पण संकेतस्थळावर थकबाकी तशीच. घाबरून माणूस पुन्हा भरतो, आणि मग परताव्यासाठी हेलपाटे सुरू होतात. दोष बँकेला किंवा नेटला दिला जातो. कधी तो तिथे असतोही. पण हीच गडबड डेटाबेस वाचण्याच्या चुकीच्या पद्धतीतूनही होते आणि ती पूर्णपणे टाळता येते. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत इतकी डेटा सेंटर आणि एवढे जाणकार असलेल्या आपल्या भागात तरी ती होऊ नये, म्हणून हे पत्र.

अशा यंत्रणेत नवी नोंद एकाच मुख्य सर्व्हरवर होते. त्याला प्रायमरी म्हणतात. त्याच्या बदलांचा रोजमेळ (पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालींत त्याला अनुक्रमे वॅल आणि बिनलॉग म्हणतात) सतत दुसऱ्या सर्व्हरांकडे जातो आणि ते त्याच क्रमाने बदल स्वतःत उतरवतात. या झाल्या रीड रेप्लिका, म्हणजे फक्त वाचण्यासाठीच्या प्रती. बिल बघणारे पुष्कळ, भरणारे थोडे, त्यामुळे बघण्याचा भार रेप्लिकांवर टाकणे योग्यच आहे. मात्र नेहमीच्या मांडणीत प्रायमरी रेप्लिकेच्या पोचपावतीसाठी थांबत नाही. 'पैसे जमा' असे उत्तर तुम्हाला मिळते तेव्हा रेप्लिकेला ते कळलेले असेलच असे नाही. या मागे पडण्याला लॅग म्हणतात.

लॅग अंतरामुळे होतो हा गैरसमज आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे ७०० किलोमीटर जाऊन परत यायला ७ मिलिसेकंद. खरी अडचण उतरवून घेण्यात आहे. पोस्टग्रेसच्या प्रायमरीवर शेकडो जोडण्या एकाच वेळी लिहितात, पण रेप्लिकेवर तो रोजमेळ एकच प्रोसेस क्रमाने उतरवते. समजा, महिन्याच्या १ तारखेला सगळ्या थकीत मालमत्तांवर शास्ती लावणारे एकच भले मोठे अपडेट सकाळी १० वाजता चालवले. त्यातून काही गिगाबाइट रोजमेळ तयार होतो, आणि १० वाजून २ मिनिटांनी कर भरणाऱ्याची नोंद त्याच्यामागे रांगेत उभी राहते. असे काम रात्री आणि ५-५ हजार ओळींच्या तुकड्यांत करावे.

आता मुख्य मुद्दा. लॅगने कुणाचेही पैसे दोनदा जात नाहीत. शिळ्या प्रतीवर विसंबून निर्णय घेतला की जातात. 'या मालमत्तेवर बाकी आहे का' ही तपासणी प्रायमरीवरच, ती ओळ लॉक करून (म्हणजे तोवर दुसऱ्या कुणाला ती बदलू न देता), पैसे नोंदवणाऱ्या त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये झाली पाहिजे. पेमेंट गेटवेच्या ऑर्डर क्रमांकावर युनिक बंधन हवे, म्हणजे तोच क्रमांक दोनदा नोंदला जाणार नाही. आणि एका बिलासाठी एक ऑर्डर प्रलंबित असताना दुसरी तयारच होऊ देऊ नये.

पावती दिसण्यासाठी दोन उपाय आहेत. सोपा उपाय असा की पैसे भरल्यावर काही मिनिटे त्या खात्याचे सगळे वाचन प्रायमरीवरून करायचे. इथे हटकून एक चूक होते. ही खूण ब्राउझरच्या कुकीत, म्हणजे त्याच ब्राउझरपुरत्या साठवलेल्या नोंदीत, ठेवली जाते. मग मुलगा फोनवरून भरतो, वडील घरच्या संगणकावर बघतात, किंवा प्रभाग कार्यालयातला लिपिक खिडकीवर बघतो, आणि दोघांनाही थकबाकीच दिसते. खूण मालमत्ता क्रमांकावर ठेवा. दुसरा उपाय अधिक अचूक आहे. नोंद पक्की झाली की रोजमेळातले तिचे स्थान, म्हणजे एलएसएन, जपून ठेवायचे. वाचताना रेप्लिका तिथवर पोचली आहे का ते विचारायचे, अर्धा सेकंद थांबायचे, आणि नसेल पोचली तर प्रायमरीकडे जायचे.

लॅग मोजतानाही फसगत होते. पोस्टग्रेसच्या रेप्लिकेवर शेवटच्या उतरवलेल्या व्यवहाराची वेळ आत्ताच्या वेळेतून वजा केली, तर रात्री कुणी काही लिहीत नसताना तो आकडा उगाच वाढत जातो. मायएसक्यूएलमध्ये उलटे होते. जोडणी मंद असली तरी 'किती सेकंद मागे' समोर शून्य दिसू शकते, कारण तो आकडा रेप्लिकेपर्यंत पोचलेल्या नोंदींपुरताच असतो. त्यापेक्षा प्रायमरीवर दर सेकंदाला एका ओळीत वेळ लिहावी आणि ती रेप्लिकेवर वाचावी.

मोठे अहवाल नागरिकांच्या रेप्लिकेवर चालवू नयेत. उतरवायच्या बदलाच्या आड क्वेरी (माहिती काढणारी विचारणा) आली तर पोस्टग्रेस मुळात ३० सेकंदच वाट बघते आणि मग क्वेरी रद्द करते. ही मुदत वाढवली तर लॅग वाढतो. हॉट स्टँडबाय फीडबॅक (आपल्याला लागणाऱ्या जुन्या ओळी पुसू नका, असे रेप्लिकेने प्रायमरीला कळवण्याची सोय) चालू केला तर प्रायमरीवर जुन्या ओळींचा कचरा साचतो. अहवालांना वेगळी रेप्लिका द्यावी, हाच मार्ग.

सगळ्यात घातक चूक वेगळीच आहे. रेप्लिकेसाठी रेप्लिकेशन स्लॉट (ती रोजमेळात कुठवर पोचली याची प्रायमरीवरची नोंद) ठेवला आणि ती रेप्लिका बंद पडली, तर प्रायमरी तिच्यासाठी रोजमेळ राखत बसते. डिस्क भरते आणि प्रायमरीच थांबते. वाचणाऱ्या प्रतीपायी लिहिणारा सर्व्हर जातो. पोस्टग्रेसच्या १३व्या आवृत्तीपासून यावर मर्यादा घालता येते, पण मुळात ती अमर्याद असते. ती ठरवून घालावीच लागते.

डिस्ट्रिब्युटेड, म्हणजे अनेक सर्व्हरांवर पसरलेला, डेटाबेस घेतला की प्रश्न मिटला, असेही विक्रेते सांगतात. युगाबाइटसारख्या डेटाबेसमध्ये ३ प्रतींपैकी २ प्रतींनी होकार दिल्यावरच नोंद पक्की होते आणि नेहमीचे वाचन लीडरकडूनच, म्हणजे नोंदी स्वीकारणाऱ्या मुख्य प्रतीकडूनच, होते, तोवर सगळे ठीक. पण त्यातल्या रीड रेप्लिकांना या होकारात मत नसते, आणि वेगासाठी फॉलोअरकडून, म्हणजे बाकीच्या प्रतींकडून, वाचन चालू केले की ३० सेकंदांपूर्वीची स्थिती मिळते. ही मुळातलीच मांडणी आहे. कॉक्रोच या तशाच डेटाबेसमध्ये हे अंतर चार-पाच सेकंदांचे असते.

निविदेत एक चाचणी सक्तीची करावी. चाचणीच्या यंत्रणेत रेप्लिकेवर पीजी_वॅल_रिप्ले_पॉज ही पोस्टग्रेसची आज्ञा चालवून उतरवणे १० मिनिटे थांबवायचे, एका खात्यात १ रुपयाचे बिल भरायचे, मग दुसऱ्या संगणकावरून तेच खाते उघडायचे. पावती दिसली पाहिजे आणि तेच बिल पुन्हा भरू पाहिले तर यंत्रणेने नकार दिला पाहिजे. या दोन्ही गोष्टी होईपर्यंत कंत्राटदाराचे देयक मंजूर करू नये.

आपला,
एक डेटाबेस अभियंता, ऐरोली, नवी मुंबई