संकष्टीचं ताट आणि तुझा रिपोर्ट

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रिपोर्ट पाहिला. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २८०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४५. रोज १६ तास उपाशी राहिलास तर दोन्ही खाली येतील, असं तू धरून चालला आहेस. तसं होत नाही, कारण दोघांचा स्वभावच वेगळा.

ट्रायग्लिसराइड जेवणावर नाचतं. जास्तीचा भात, साखर, दारू यांची यकृत चरबी करतं आणि रक्तात सोडतं. जेवल्यावर ही चरबी तीन-चार तासांनी सर्वांत वर असते. त्यातून रात्री इन्सुलिनचा जोर सकाळपेक्षा कमी पडतो. म्हणून दहाचं जेवण साडेसातला आणलंस तर इथे फरक पडेल. एलडीएलला घड्याळ फारसं कळत नाही. तूप, लोणी, खोबरं, वनस्पती तुपातला फरसाण यांतल्या चरबीमुळे यकृत ते रक्तातून कमी उचलतं. डाळी, ओट्स, इसबगोल यांनी ते उतरतं. इसबगोल रोज १० ग्रॅम, भरपूर पाण्याबरोबर. कोरडं घेतलंस तर घशात अडकेल.

आता तुझी संकष्टी. दिवसभर दुधाचा चहा, दुपारी खिचडी, चंद्र दिसला की मोदक, वरण-भात, वर तूप, आणि लगेच आडवं! १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर पिष्टच असतं, प्रथिनं नावालाही नाहीत. त्यात बटाटा घातला की एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते हेच. दाण्याच्या कुटाला उगाच नावं ठेवू नकोस, त्यातली चरबी बहुतेक चांगली. घात साबुदाणा आणि तूप करतात. त्याऐवजी अर्धी वाटी भगर, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक. संध्याकाळी सहाला राजगिऱ्याची भाकरी खा, म्हणजे रात्री ताटावर तुटून पडणार नाहीस. मोदक एकच, तूप चमचाभर.

उपासाच्या दिवशीही कोलेस्टेरॉलची गोळी चुकवायची नाही. अटोर्व्हास्टॅटिन कधीही घेतली तरी चालते. सिम्व्हास्टॅटिन मात्र रात्री. काका मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात, त्यांना तुझं हे १६ तासांचं वेड लावू नकोस. न जेवता ती गोळी घेतली तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येईल. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

तपासणीआधी १० ते १२ तास काही खाऊ नकोस, पाणी चालेल, चहा नाही. आदल्या दिवशी पार्टी नको. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर सूत्राने, म्हणजे बाकीच्या आकड्यांवरून हिशोबाने काढलेल्या एलडीएलवर विसंबता येत नाही. थेट मोजून घ्यायला सांग. झपाट्याने वजन उतरत असतानाही एलडीएल तात्पुरतं वर जातं, तेव्हा तपासून घाबरू नकोस. तीन महिन्यांनी पुन्हा कर, फक्त संकष्टीच्या दुसऱ्या सकाळी नको. रात्री साडेदहाला जेवून आठला रक्त दिलंस तर मोदकच मोजले जातील.

तुझी,
आई