बॅग भरायच्या आधी सांगा, सिक्युरिटीला पोचल्यावर काय उपयोग?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी तोंडावर आलीय. आपल्या गावागावातून आईबाबा, सासूसासरे फराळाचे डबे घेऊन पोरांकडे बेंगलोर, हैदराबाद, दिल्लीला निघतील, त्यातले कितीतरी पहिल्यांदाच विमानात बसणार, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितेय. एअरपोर्टवरची तपासणी कडक असते याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट ती तशीच हवी. तक्रार एवढीच आहे की काय चालतं आणि काय चालत नाही हे माणसाला बॅग भरायच्या आधी कोणी सांगत नाही, आणि सांगतात ते पण त्याला कळेल अशा भाषेत नाही.

माझ्या सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी एकट्या विमानाने गेल्या, वय सत्तरीच्या पुढे. अळीव, डिंक, खारीक आणि घरच्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, सगळं मोठ्या बॅगेत नीट बांधून दिलेलं. काउंटरवर बॅग घेतली, बोर्डिंग पास दिला, त्या सिक्युरिटी करून आत जाऊन बसल्या पण. मग तिकडे बॅग मशीनमध्ये अडकली आणि त्यांना अनोळखी नंबरवरून फोन, समोरचा भराभर इंग्रजीमिश्रित हिंदीत बोलतोय, यांना फक्त "बॅग" आणि "प्रॉब्लेम" एवढंच कळलं, त्या घाबरल्या, मला फोन लावला, मी काय सांगणार घरी बसून. शेवटी एक ताई येऊन त्यांना परत मागे घेऊन गेली, बॅग उघडली, सगळ्या वाट्या काढून टाकल्या, तोवर बोर्डिंग संपत आलेलं आणि त्या धापा टाकत सगळ्यात शेवटी विमानात चढल्या. त्या ताईंनी आणि सिक्युरिटीच्या लोकांनी नियमाप्रमाणेच केलं, त्यांना मी बोल लावत नाही. पण बॅग घेताना काउंटरवरच कोणी मराठीत विचारलं असतं, "आजी, खोबरं आहे का यात?" तर दोन मिनिटात काढून बाहेर थांबलेल्या मुलाच्या हातात दिलं असतं की.

आणि खोबरं का चालत नाही हे तरी कुठे कोण सांगतं? सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल असतं, बंद जागेत ढिगाने राहिलं, त्यात थोडी ओल असली, तर ते आपलं आपण तापतं आणि पेट पण घेऊ शकतं, म्हणून विमानात न्यायच्या धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला चक्क स्वतःचा नंबर आहे, १३६३. हे कळल्यावर आमच्या सासूबाई स्वतःच म्हणाल्या, मग बरोबर आहे त्यांचं. कारण सांगितलं की आपली माणसं ऐकतात हो, नुसतं "अलाऊड नाही" म्हटलं की वाईट वाटतं.

बरं, नियम सगळ्या वस्तूंना सारखा असता तर एकवेळ लक्षात राहिला असता. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हवी, मोठ्या बॅगेत चालत नाही. सुरी, कात्री, आजोबांच्या पानाच्या बटव्यातला अडकित्ता हे मोठ्या बॅगेतच हवं, हातात चालत नाही. सुकं खोबरं दोन्हीकडे नाही. आणि अडकित्ता हातातल्या पिशवीत आहे हे कळतं कधी, तर मोठी बॅग बेल्टवरून निघून गेल्यावर, सिक्युरिटीच्या ट्रेसमोर! मग तो तिथेच सोडून जायचं, नाहीतर परत बाहेर जाऊन काउंटर गाठायचा आणि विमान चुकवायचं. वडिलांचा पितळी अडकित्ता असा सोडून देताना डोळ्यात पाणी आलेला माणूस मी रांगेत उभं राहून बघितलाय. निदान पाकिटात घालून पत्ता लिहून, पैसे घेऊन का होईना, घरी कुरिअर करायची सोय प्रत्येक एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या अलीकडे का नसावी?

पॉवर बँकेचं पण कारण साधं आहे, हातात असली आणि धूर यायला लागला तर दिसतं, विझवता येतं, खाली सामानात पेटली तर कळणार पण नाही. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानला एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं, सगळे वाचले, पण ती आग वर कप्प्यात ठेवलेल्या पॉवर बँकेमुळे लागली असावी असं तिथल्या तपासात सांगितलं गेलं.

मी नियमांच्या बाजूने एवढं बोलतेय कारण आपल्याकडे हे सगळं लोकांच्या जिवाची किंमत मोजून आलंय. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब एका बॅगेत होता, ती बॅग व्हँकुव्हरला चेकइन झाली होती आणि बॅगेचा मालक विमानात बसलाच नव्हता. वाटेत टोरांटोला सामान तपासायचं एक्सरे मशीन नेमकं तेव्हाच बंद पडलेलं. त्याच दिवशी टोकियोच्या नारिता एअरपोर्टवर व्हँकुव्हरहूनच आलेली दुसरी बॅग फुटली आणि सामान हलवणारे दोन कामगार मेले, त्यांची आठवण कोणी काढत नाही. विमानांच्या सुरक्षेचं बघणारा ब्युरो, ज्याला बीकॅस म्हणतात, तो त्यानंतर १९८७ मध्ये स्वतंत्र खातं झाला. प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग शोधून उतरवतात आणि आपल्याला अर्धा तास विमानात बसवून ठेवतात ना, ते यामुळे. तेव्हा कृपा करून कोणी एअर होस्टेसवर ओरडू नये. कंदाहारचं विमान अपहरण झाल्यावर २००० सालापासून एअरपोर्टची सुरक्षा सीआयएसएफ या केंद्रीय दलाकडे द्यायला सुरुवात झाली, आणि त्या जवानांचं काम मी बघते, दिवसभर उभं राहून हजारो लोकांची तेवढ्याच लक्षाने तपासणी करणं सोपं नाही.

त्यांच्याकडून चुका होतात पण सांगितलं की ऐकतात. अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ टाकला की कृत्रिम पाय दरवेळी काढायला लावतात, तेव्हा सीआयएसएफने माफी मागितली. शबरीमलाच्या भक्तांना इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ हातातल्या सामानात न्यायची मुभा २०२४ च्या ऑक्टोबरपासून २० जानेवारी २०२५ पर्यंत दिली, तपासणी करूनच, आणि ते आधी जाहीर केलं. म्हणजे मनावर घेतलं तर लोकांपर्यंत वेळेत पोचवता येतं.

भाषेचं तर सरकारनेच सांगून ठेवलंय! डिसेंबर २०१८ मध्ये, सुरेश प्रभू विमान वाहतूक मंत्री असताना, एअरपोर्टवरच्या घोषणा आधी स्थानिक भाषेत, मग हिंदी, इंग्रजीत करा असा आदेश निघाला होता. पण सायलेंट एअरपोर्ट असेल तिथे घोषणा बऱ्याचशा बंदच, मग मराठी माणसाने वाचायचं काय? तिकिटासोबत जो लांबलचक ईमेल येतो त्यात खाली बारीक अक्षरात इंग्रजी यादी असते, आणि तिकीट काढलेलं असतं मुलाने, त्याच्या ईमेलवर, प्रवास करणार आई. चित्रं असलेली मराठी यादी प्रवाशाच्या व्हॉट्सअॅपवर का येऊ नये? सीट निवडा, जेवण निवडा असे मेसेज तर डझनभर येतात.

आता पोचल्यानंतरचं. सासूबाईंची बॅग बेल्टवर आली ती चेन उसवलेली आणि एक चाक गायब. त्या बिचाऱ्या तशीच ओढत बाहेर आल्या, नंतर ह्यांनी विमान कंपनीला ईमेल केला तर उत्तर आलं की एअरपोर्ट सोडायच्या आधी तक्रार केली नाही म्हणून काही करता येणार नाही. वाचकांनो, हे लक्षात ठेवा. चेकइन केलेल्या बॅगेचं नुकसान झालं तर लेखी तक्रार करायला कायद्याने ७ दिवस असतात, बॅग उशिरा मिळाली तर ती मिळाल्यापासून २१ दिवस. तिथेच काउंटरवर तक्रार लिहून कॉपी घेणं चांगलंच, त्याला पीआयआर म्हणतात, पण ते राहिलं म्हणून हक्क संपत नाही. देशांतर्गत प्रवासात कंपनीची जबाबदारी २०,००० रुपयांपर्यंत असते. आणि बॅगा कधी यायला पाहिजेत ते पण ठरलेलं आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये बीकॅसने सात विमान कंपन्यांना बजावलं होतं की इंजिन बंद झाल्यापासून १० मिनिटात पहिली बॅग आणि ३० मिनिटात शेवटची बॅग बेल्टवर आली पाहिजे. हे बेल्टच्या वर एवढ्या मोठ्या स्क्रीनवर मराठीत लिहायला काय हरकत आहे, तिथे दिवसभर घरांच्या स्कीमच्या जाहिराती चालू असतात.

पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर, आणि आता नवी मुंबई पण सुरू झालंय, या सगळ्या एअरपोर्टच्या संचालकांनी आणि विमान कंपन्यांनी दिवाळीच्या आधी काउंटरसमोर मराठी बोर्ड लावावेत, आणि बॅग घेताना खोबरं आणि पॉवर बँक हे दोन प्रश्न तोंडाने विचारायला कर्मचाऱ्यांना सांगावं, एवढी मागणी आहे. आणि संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती, काय कुठल्या बॅगेत चालतं याची यादी तुमच्या पेपरात वसुबारसेच्या आधी एक दिवस चौकटीत छापा, कापून कपाटावर लावता येईल अशी.

आपली,
एक वाचक, कराड