उद्यमनगरातल्या मामांना आभाराचं पत्र

मामांना सप्रेम नमस्कार,

समोर येऊन आभार मानले तर "परकी झालीस व्हय गं?" म्हणून तुम्ही मला गप्प कराल. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिते. आणखी कुणाच्या गाडीचा ब्रेक पेडल सोडल्यावरही धरून राहत असेल तर त्यालाही उपयोग होईल.

गगनबावड्याहून परतताना आमची गाडी डावीकडे ओढत होती. घरी पोचलो तेव्हा पुढच्या डाव्या चाकातून जळका वास येत होता. एका गॅरेजवाल्याने चाक न उचलताच दोन्ही कॅलिपर, म्हणजे चाकाची चकती दाबून धरणारे ब्रेकचे भाग, बदलायला सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून आईचा चेहरा उतरला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत उभी हयात घालवलेले तुम्ही मात्र एवढंच म्हणालात, "आधी दाब कुठं अडकलाय ते बघूया की."

रविवारी सकाळी मागच्या चाकांना ठोकळे लावले, गाडी जॅकने उचलली आणि खाली स्टँड दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही, हे तुम्ही पुन्हा पुन्हा बजावलंत. इंजिन चालू करून ब्रेक दाबला, सोडला, तरी चाक हाताने हलेना. मग तुम्ही पाना माझ्याच हातात दिलात. ब्रेक ऑइलचा लोखंडी पाइप जिथे रबरी नळीला, म्हणजे होजला जोडतो, तो नट आधी सैल करायला लावलात. साध्या पान्याने त्याचे कोपरे जातात म्हणून ब्रेक पाइपचा खास पाना तुम्ही घरून आणला होता. ऑइल पाझरलं, पण चाक जाम ते जामच. म्हणजे पेडलमागून ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरचा दोष नाही. नट आवळला आणि कॅलिपरचं निपल, म्हणजे ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू, उघडलं. काळपट ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं फिरलं! कॅलिपरमधला दाबणारा पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकलेल्या असत्या तर निपल उघडूनही चाक सुटलं नसतं. दोष होजमध्येच होता.

जुना होज तुम्ही ब्लेडने उभा चिरून दाखवलात. आतलं रबर फुगून भोक जवळजवळ बुजलं होतं. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण पिस्टनला मागे खेचायला फक्त त्याच्या रबरी सीलचा ताण असतो. तेवढ्या ताणाने ऑइल मागे येत नाही. बाहेरून तो होज अगदी ठणठणीत दिसत होता.

दोन्ही बाजूंचे होज बदलले, तांब्याचे वॉशरही नवे घातले. पिना कोरड्या पडल्या होत्या, त्या पुसून त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावलं. साधं ग्रीस रबर फुगवतं, हे मला तुमच्याकडूनच कळलं. ऑइलमधली हवा काढायला आई सीटवर बसली. "दाब... धर... आता सोड," असं तुम्ही म्हणत होता आणि पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत उतरत होते. पेडल कडक झाल्यावर आईच आधी हसली. मग तुम्ही गल्लीतच सावकाश ब्रेक मारून बघितलात आणि त्यानंतरच गाडी रस्त्यावर नेऊ दिलीत.

आईचं माहेर वैभववाडी. तिथे जायचं तर घाट उतरावाच लागतो, म्हणून तुमचे उपकार मला फार मोठे वाटतात. नव्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरलं की तो १५५ च्या आसपास येऊ शकतो. धरलेल्या ब्रेकने तापून असं ऑइल उकळलं असतं, तर उतारावर पेडल खाली गेलं असतं. त्या गाडीत माझी आई होती, मामा.

पैशाचं नाव काढू दिलं नाहीत, चहासुद्धा उभ्याउभ्याच घेतलात. मनापासून आभार. तुमचा पाना धुऊनपुसून ठेवलाय, शनिवारी आईला घेऊन द्यायला येते. मामींनाही सांगा.

तुमची,
शेजारची भाची