ब्रोच उलटा करून बघायचा असतो

संपादक महोदय,
स. न.

कालच्या पुरवणीतला ट्रायफारी या खोटे दागिने बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीवरचा लेख वाचला. कागद गुळगुळीत, चित्रं झकास. त्यातल्या एका चित्राखाली ‘दुसऱ्या महायुद्धातील दुर्मीळ ब्रोच’ असं छापलंय आणि शेजारीच त्याची मागची बाजू दाखवलीये. तिथे कंपनीच्या नावापाशी वर्तुळातला ‘सी’, म्हणजे कॉपीराइटचा शिक्का, स्वच्छ दिसतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या मला तो दिसला, तुमच्या लेखकमहाशयांना कसा दिसला नाही?

हा ‘सी’ ट्रायफारीने कोर्टात भांडून मिळवलाय. चारेल कंपनीने त्यांच्या मालाची नक्कल केली, खटला न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला आणि 1955 साली निकाल लागला, की खोट्या दागिन्याचं डिझाइनसुद्धा कलाकृती आहे, त्याला कॉपीराइट मिळतो. मग हा शिक्का सर्रास आला. त्याआधी डिझाइनच्या पेटंटवर भागवायचे. युद्धात कथील वगैरे सैन्याकडे गेलं म्हणून हे लोक चांदी वापरू लागले आणि मागे ‘स्टर्लिंग’ असं ठोकू लागले. युद्ध संपल्यावर ‘ट्रायफेनियम’ असं भारदस्त नाव देऊन पुन्हा साध्या मिश्रधातूवर आले. म्हणजे तुमचा तो दुर्मीळ ब्रोच युद्धानंतर निदान दहा वर्षांनी जन्मलाय.

एवढ्याशा ‘सी’वरून एवढं रामायण कशाला, असं तुम्ही म्हणाल. दादरच्या एका प्रदर्शनात आमच्या वहिनींना पदराला लावायला ब्रोच घ्यायचा होता. विक्रेत्याने “मॅडम, वॉरटाइम पीस आहे” म्हणत तोंडाला येईल ती किंमत सांगितली. मी ब्रोच उलटा केला, ‘सी’वर बोट ठेवलं आणि स्टर्लिंगचा शिक्का कुठंय ते विचारलं. गडी जराही डगमगला नाही. टेबलाखालून कुठल्याशा मासिकाचं लॅमिनेट केलेलं कात्रण काढून म्हणाला, “काकू, हे बघा, छापून आलंय. मग?” वहिनी माझा हात दाबून म्हणाल्या, “जाऊ द्या ना वन्सं, चारचौघांत कशाला!” आणि पैसे मोजून मोकळ्या झाल्या. आता त्या गृहस्थाला तुम्ही नवं कात्रण पुरवलंय, तेही रंगीत. लॅमिनेशनचा खर्च तेवढा त्याचा.

बरं, लेखात संस्थापकांचे नेपल्समधले सोनार आजोबा आले. विमानाच्या टाकाऊ लुसाइटमधून (म्हणजे पारदर्शक प्लास्टिकमधून) प्राण्यांच्या आकाराच्या ब्रोचची पोटं घडवल्याची कथा दोन परिच्छेद पुरली. 1953 च्या शपथविधीनिमित्तच्या नृत्यसमारंभात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी आयझेनहॉवरबाईंनी ट्रायफारीचे मोती घातले, तेही आलं. ते मोत्यांचे दागिने डिझाइन कोणी केले? आल्फ्रेड फिलिप यांचं नावसुद्धा नाही! कार्टिए, व्हॅन क्लीफ अँड आर्पल्स या बड्या जवाहिऱ्यांसाठी खऱ्या रत्नांचं काम केलेला हा फ्रेंच माणूस 1930 मध्ये ट्रायफारीत आला आणि 1968 पर्यंत राहिला. धातू दिसू न देता खडे बसवायची जवाहिऱ्यांची रीत त्याने काचेच्या खड्यांना लावली. लोक आज ट्रायफारीच्या मागे धावतात ते बहुतांशी त्याच्या कामामुळे. त्याला आपण ‘कंपनीचे कुशल डिझायनर’ या तीन शब्दांत उरकलंत. मालकाच्या आजोबांना मात्र अख्खा परिच्छेद. असो.

आणि ती शेवटची चौकट कोणी लिहिली? म्हणे जुने खड्यांचे दागिने कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून ठेवा! अहो, त्या खड्यांना पाठीमागून चंदेरी मुलामा असतो. पाणी आत शिरलं की खडा काळा पडतो, मग तो घासून काही उजळत नाही. मऊ कोरड्या कापडाने पुसा, एवढं छापलं असतं तरी पुरे होतं.

शुद्धिपत्र छापणार असाल तर कृपया चित्रासकट आणि त्याच आकारात छापा. आतल्या पानावर निविदांच्या खाली बारीक टाइपात नको, ते कोणी कापून ठेवत नाही.

आपली एक जुनी वाचक,
ठाणे