15 ला 1: रेमुटाका घाटातली जुनी लाईन

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी मध्य रेल्वेतून निवृत्त झालेला गार्ड. आता या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमची पिढी गार्ड म्हणूनच निवृत्त झाली. कर्जत-लोणावळा आणि कसारा-इगतपुरी हे दोन्ही घाट मी मालगाडीच्या ब्रेक व्हॅनमधून, म्हणजे शेवटच्या गार्डच्या डब्यातून, पाहिले. धो धो पावसात पाहिले, पुढचा डबा दिसणार नाही अशा धुक्यातही पाहिले. सध्या मुक्काम न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनजवळच्या अपर हट इथं, मुलीकडे आहे.

आपल्या पुरवणीतले न्यूझीलंडच्या सहलींवरचे लेख मी इथं बसून वाचतो. ऑकलंड, रोटोरुआ, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड ही सगळी ठिकाणं पाहण्यासारखीच आहेत. पण माझ्यासारखे कितीतरी आईवडील इथं मुलाबाळांकडे महिनोन् महिने राहायला येतात. बागेत फिरून आणि दुकानं बघून झाल्यावर त्यांना प्रश्न पडतो की आता काय पाहायचं. त्यांच्यासाठी, आणि रेल्वेत आयुष्य घालवलेल्या प्रत्येकासाठी, अपर हटच्या पलीकडच्या एका वाटेबद्दल लिहितो आहे. रेमुटाका डोंगरातून जाणारी ही बंद पडलेली रेल्वेलाईन आहे. रूळ केव्हाच उखडले, पण लाईनचा माथा (म्हणजे रुळांखालची सपाट बांधणी), डोंगर कापून केलेल्या कटिंगा, बोगदे, पूल आणि चढ जागच्या जागी आहेत, आणि त्यावरून कुणालाही चालत जाता येतं.

वेलिंग्टनची बाजू आणि पलीकडचं वैरारापा खोरं यांच्यामध्ये हा डोंगर आडवा पडला आहे. तो ओलांडणारी लाईन 1878 साली सुरू झाली. वेलिंग्टनच्या बाजूनं चढ बेताचा होता. घोडं अडलं ते पलीकडच्या बाजूला. सर्वांत वरच्या समिट स्टेशनची उंची 348 मीटर, आणि तिथून खाली क्रॉस क्रीकपर्यंत जेमतेम पाच किलोमीटरमध्ये सुमारे 265 मीटर उतरायचं होतं. त्यातला मुख्य चढ 15 ला 1, म्हणजे 15 मीटर पुढं गेलं की 1 मीटर वर. आमच्या दोन्ही घाटांत 37 ला 1 आहे, आणि तेवढ्यावर आम्ही मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावून गाडी चढवतो. रेल्वेवाल्याला 15 ला 1 हा आकडा सांगितला की तो आधी विचारील, चाक घसरलं नाही का?

साध्या इंजिनाचं घसरलंच असतं. म्हणून इथं जॉन बॅरॅक्लो फेल या इंग्रज अभियंत्याची पद्धत घेतली. नेहमीच्या दोन रुळांच्या मधोमध, त्यांच्यापेक्षा थोडा उंच, तिसरा रूळ कुशीवर झोपवून टाकायचा. इंजिनाला खालून आणखी चार चाकं, तीही आडवी, आणि ती दोन्ही बाजूंनी मधल्या रुळाला आवळून धरतात. बाहेरचे सिलिंडर नेहमीची चाकं फिरवतात आणि आतले सिलिंडर ही आडवी चाकं. फ्रान्स-इटलीच्या सीमेवरच्या माँ सनी खिंडीत ही पद्धत 1868 ते 1871 अशी थोडी वर्षं चालली. तिथला बोगदा झाला आणि ती लाईन संपली. इथं मात्र ती 1955 पर्यंत, म्हणजे 77 वर्षं, रोजच्या वाहतुकीला पुरली. इंजिनं एकूण सहाच होती. चार ब्रिस्टलच्या एव्हनसाइड कंपनीनं 1875 मध्ये बांधलेली आणि दोन ग्लासगोच्या नीलसनची, 1886 सालची. जड गाडीला चार-चार, प्रसंगी पाच इंजिनं लागायची. ती सगळी पुढं न जोडता डब्यांच्या मधे मधे वाटून लावत, म्हणजे प्रत्येक इंजिन आपल्या वाट्याचे डबे ओढी. क्रॉस क्रीकला गाडी तोडून इंजिनं घालायची आणि समिटला पुन्हा गाडी तोडून ती काढून घ्यायची. एका गाडीमागं किती शंटिंग, किती कपलिंग, किती माणसं! वर चढतानाचा वेग ताशी जेमतेम 10 किलोमीटर.

माहिती देणारे चढाबद्दल भरभरून बोलतात. माझा जीव अडकला तो उताराच्या गोष्टीत. घाटात गाडी चढवणं हे इंजिनाचं काम, पण उतरवणं हे ब्रेकचं काम आहे. चढताना ताकद कमी पडली तर गाडी थांबते. उतरताना ब्रेक कमी पडला तर ती थांबत नाही. आमच्याकडे घाट उतरण्याआधी गाडी उभी करून ब्रेकची खात्री करतात, वाटेत कॅच सायडिंग, म्हणजे सुटलेली गाडी वळवून अडवणारा जादा रूळ, ठेवतात, ते उगाच नाही. इथं उतारावर खास ब्रेक व्हॅन जोडत. तिच्यातला ब्रेकवाला हातानं चाक फिरवून लोखंडी ठोकळे मधल्या रुळावर दाबून धरायचा. ठोकळे भराभर झिजत आणि वरचेवर बदलावे लागत. अशा कित्येक व्हॅन आणि त्यांतले ब्रेकवाले, उन्हात, पावसात आणि या डोंगरातल्या भयंकर वाऱ्यात, एका गाडीला पाच किलोमीटर खाली आणायला राबत होते. हातब्रेकचं चाक ज्यानं कधी आवळलं आहे, त्याच्या खांद्याला हे वाचूनच कळेल.

म्हणूनच माझं आग्रहाचं सांगणं, ही वाट चालत जा. सायकलनं जाणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनी जरूर जावं, पण सायकल उतारावरून भुर्रकन निघून जाते. 15 ला 1 पायांना, गुडघ्यांना कळायला हवा. वेलिंग्टनच्या बाजूच्या केटोकेहून निघून क्रॉस क्रीकला उतरायचं हे अंतर सुमारे 18 किलोमीटर आहे. सकाळी लवकर निघून, डबा बरोबर घेऊन, बसत-उठत चाललं तर दिवसभरात होतं. ज्यांना एवढं झेपणार नाही त्यांनी केटोकेकडून जमेल तितकं आत जाऊन परत यावं. त्या बाजूला चढ इतका मंद आहे की लहान मूलही कुरकुरत नाही.

सुरुवातीला पाइनची लागवड लागते, मग हळूहळू मूळचं जंगल सुरू होतं. बीच जातीची झाडं, मानुकाची झुडपं, आणि माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे नेचे. आपल्याकडे नेचा म्हणजे पावसाळ्यात भिंतीला उगवणारं रोप. इथं त्याला खोड असतं आणि वर छत्रीसारखा पसारा. पकुराटाही नदी बराच वेळ सोबत करते. पीवाकावाका नावाचा पंख्यासारख्या शेपटीचा पक्षी तर चालणाऱ्याच्या अगदी जवळ येऊन उडत राहतो, कारण आपल्या पावलांनी उठणारे किडे त्याला खायचे असतात. न्यूझीलंडमध्ये साप नाहीत, त्यामुळे पाय कुठं पडतो याची आपल्यासारखी धास्ती नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण जंगल म्हटलं की आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी पहिला प्रश्न हाच विचारतात.

पण रेल्वेवाल्याचं लक्ष झाडांकडे फार वेळ राहत नाही. वळण आलं की मी त्याची त्रिज्या अंदाजतो, कटिंग आली की पाणी कुठून काढलं आहे ते बघतो. शंभर वर्षांहून जुन्या मोऱ्यांमधून आजही पाणी वाहतं. पायाखालचा माथा कुठंही अचानक उंच-सखल होत नाही, कारण तो रेल्वेसाठी बांधला आहे आणि रेल्वेला हिसका चालत नाही. माणूस विचार न करता एका लयीत चालत राहतो. अशी वाट नव्यानं बांधायची म्हटली तर कोणत्या सरकारला परवडेल? रूळ काढल्यावर ही जमीन तुकडे करून विकली असती तर हा सलगपणा एका वर्षात संपला असता. 1987 मध्ये वाट लोकांसाठी खुली झाली, आणि आज तिथला निसर्गसंवर्धन विभाग व वेलिंग्टनची प्रादेशिक परिषद तिची देखभाल करतात.

समिटला जुन्या यार्डाची सपाट जागा आहे. इंजिनांचे गंजलेले भाग आणि माहितीचे फलक आहेत, बसायला जागा आहे. तिथून पुढं 576 मीटरचा बोगदा. विजेरी हवीच, मोबाइलच्या उजेडावर विसंबू नये. आत गारवा आहे, वरून पाणी ठिबकतं आणि मध्यावर दोन्ही तोंडं लहान दिसतात. माझी नात पहिल्यांदा आत शिरली तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला होता. मी तिला सांगितलं, एवढ्याशा भोकात चार इंजिनं एकदम धूर ओकत असतील तेव्हा फूटप्लेटवर उभं राहून कोळसा टाकणाऱ्या फायरमनचं काय होत असेल, त्याचा विचार कर. तिनं खरोखरच विचार केला, आणि मग बोगदा संपेपर्यंत प्रश्नांवर प्रश्न विचारत राहिली.

बोगद्यापलीकडे खरा उतार सुरू होतो आणि सायबेरिया नावाची जागा येते. वाऱ्यावरून पडलेलं नाव आहे. 11 सप्टेंबर 1880 रोजी वैरारापाकडून चढत येणाऱ्या गाडीचे डबे इथल्या वाऱ्यानं रुळावरून उचलून दरीच्या बाजूला टाकले. तीन मुलं जागीच गेली, चौथं नंतर गेलं. इंजिनानं मधला रूळ धरून ठेवला होता म्हणून सगळी गाडी दरीत गेली नाही. नंतर तिथं वारा अडवायला लाकडी आडोसे उभारले. पुढं लाईन बंद झाल्यावर, 1967 च्या वादळी पावसात मोरी तुंबून तिथला भरावही वाहून गेला. इतर ठिकाणी मी चालता चालता बोलतो, इथं थांबून त्या मुलांना नमस्कार करतो. वाचकांनीही करावा, आणि वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी या वाटेला जाऊ नये. हवामानाचा अंदाज पाहिल्याशिवाय तर कधीच नको. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उकाड्यातून सुटका म्हणून बरेच जण इथं येतात, पण तेव्हा इथं थंडी सुरू होत असते आणि दिवस लहान असतो. डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम.

वाटेच्या शेवटी क्रॉस क्रीक. इंजिन शेड, यार्ड आणि रेल्वे कामगारांची वस्ती इथं होती. शाळासुद्धा होती. या लोकांना बाहेर जायला धड रस्ता नव्हता, जे काही यायचं-जायचं ते गाडीनंच. आज घरं नाहीत. पाये, खड्डे आणि मोकळी जागा उरली आहे, आणि फलकांवर जुनी छायाचित्रं. त्या फलकांपाशी मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. गाव गेलं तरी गावाची हकीकत गावाच्याच जागेवर वाचायला मिळते, हे मला या वाटेचं सर्वांत मोठं काम वाटतं.

3 नोव्हेंबर 1955 रोजी डोंगराखालून 8.8 किलोमीटरचा नवा बोगदा सुरू झाला आणि घाटाची गरज संपली. आज वेलिंग्टनहून मास्टर्टनला जाणारी गाडी त्याच बोगद्यातून जाते. सहा इंजिनांपैकी एकच उरलं, एच 199. फेदरस्टन गावात ते कित्येक वर्षं मुलांना खेळायला म्हणून उघड्यावर होतं. गावातल्या लोकांनी स्वतःच्या हातांनी ते दुरुस्त केलं आणि 1984 मध्ये त्याच्यासाठी संग्रहालय उभारलं. फेलच्या पद्धतीचं असं इंजिन जगात दुसरं नाही. तिथं एक ब्रेक व्हॅनही आहे. वाट चालून झाल्यावर, किंवा दुसऱ्या दिवशी, संग्रहालयाच्या वेळा पाहून ते जरूर बघा. आधी चाला आणि मग इंजिन बघा, हा क्रम मोडू नका. पायांनी उतार मोजलेला असला की त्या आडव्या चाकांचा अर्थ लगेच कळतो.

आता आपल्याला एक विनंती. आमच्या बोरघाटातही जुनी लाईन आहे. 1863 साली घाट सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथं थांबून दिशा बदलायची आणि पुढचा चढ चढायची. नवी लाईन झाल्यावर ते बंद पडलं. त्या घाटात पिढ्यान् पिढ्या राबलेले गँगमन, पॉइंट्समन, ब्रेक्समन, फायरमन यांची मुलं-नातवंडं कर्जत, खोपोली, लोणावळा, कल्याण, इगतपुरी इथं आजही राहतात. त्यांच्या घरी छायाचित्रं असतील, ड्युटीच्या वह्या असतील, आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी असतील. क्रॉस क्रीकच्या फलकांवर जे लागलं आहे, ते अशाच घरांतून गोळा होत असतं. आपण आपल्या अंकात या आठवणींसाठी आठवड्यातून एकदा थोडी जागा द्यावी. वाचकांनी छायाचित्रामागं नाव, साल आणि ठिकाण लिहून पाठवावं. घाटातल्या माझ्या नोकरीच्या नोंदी आणि ब्रेक व्हॅनमधली काही छायाचित्रं मी या पत्रासोबत पाठवत आहे. योग्य वाटल्यास सुरुवात त्यांनीच करावी.

आपला,
एक निवृत्त गार्ड
मुक्काम अपर हट, न्यूझीलंड